फोडून बघणारे आमचे हे

आमचे हे फोडायच्या कामाला आहेत. लग्न ठरलं तेव्हा मध्यस्थ म्हणाला होता, "मुलगा मोठ्या कारखान्यात आहे, तपासणी खात्यात." तपासणी म्हणजे काय ते मला नंतर कळलं. वस्तू भट्टीत तापवायची, दोन्हीकडून धरायची आणि मोडेपर्यंत वाकवायची. कारखान्यात यांना सगळे मोडेकाका म्हणतात. कुणाला राग आला असता, हे मात्र ऐटीत ओ देतात.

तिथे बनतं ते एका जातीचं सिरॅमिक. आपल्या कपबशीचंच भावंड म्हणा, पण इंजिनात जिथे चांगलं पोलाद मऊ पडतं तिथे बसवायचं. आता कपबशीचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. विस्तवाला ती भीक घालत नाही, पण एक तडा गेला की संपलं. म्हणून हे लोक तिच्या पोटात धागे घालतात, तेही सिरॅमिकचेच, केसाहून बारीक. धाग्यांचं कापड विणायचं, थरावर थर लावायचे, मधल्या फटी भरून भाजायचं. खरी गंमत पुढे आहे. धाग्याला आधी एक पातळ लेप देतात, तो आजूबाजूला घट्ट चिकटू नये म्हणून. चिकटला तर तडा धाग्यातून आरपार जातो. जरा सुटा राहिला तर तडा तिथे अडतो, धागा सरकतो, करकर करतो, पण सोडत नाही. हे सगळं यांनी मला लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला गेलो तेव्हा सांगितलं, बागेत बाकावर बसून. शेजारच्या बाकावरची जोडपी काय बोलत होती कोण जाणे.

एका खेपेचे तुकडे भाजून निघाले की त्यातला एक फोडायचा आणि तो कसा मोडला ते बघून बाकीचे पास करायचे, ही तिथली रीत. यांनी ती घरात आणली. कप घ्यायला गेलो की एक जास्तीचा घ्यायचा आणि घरी आल्याआल्या मोरीत फोडायचा. बादल्या, हँगर, छत्र्या, सगळ्यांचा एकेक भाऊ असा कामी आला. खुर्च्यांचा दुकानदार आम्हाला बघून म्हणाला, "आज दुकान बंद आहे हो." आत गिऱ्हाईकं बसली होती.

तर अशा माणसाला मुलगी एकच. एक दिवस तिने जेवताना सांगून टाकलं की तिचं एकाशी ठरलंय. मुलगा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर बसतो. मी खूश झाले. हे ताटाकडे बघत म्हणाले, "घेऊन ये. बघू."

त्या 'बघू'चा अर्थ मला चांगला ठाऊक होता.

मुलगा आला. सरळ, नीटनेटका आणि गोड बोलणारा. काका म्हणतील ती पूर्व. दिवसभर अर्ध्या शहराच्या शिव्या खाऊन "बघतो साहेब, करतो साहेब" म्हणायची सवय, त्याला आमच्या घरात काय जड जाणार? तो गेल्यावर मी म्हटलं, "सोन्यासारखा आहे."

"नुसती कपबशी आहे," हे म्हणाले. "जरा करकरत नाही. असा माणूस एक दिवस एकदम तुटतो आणि समोरच्याला कळतसुद्धा नाही."

पुढच्या रविवारपासून तपासणी सुरू झाली. पहिल्यांदा त्याला भर दुपारी गच्चीवर पाण्याची टाकी घासायला नेलं आणि स्वतः सावलीत बसून चुका काढल्या. टाकी लखलखीत झाली. मग बुद्धिबळाला बसवलं आणि आपली प्रत्येक चाल मागे घेतली. "घ्या ना काका," म्हणून तो हसला. त्याच्यापुढच्या रविवारी यांनी त्याच्या चहात मीठ टाकलं. त्याने सगळा कप संपवला आणि "काकू, चहा छान झालाय" असं मला तोंडावर सांगितलं. माझ्या चहाची अब्रू गेली ती गेलीच, वर त्याला दुसरा कप द्यावा लागला.

मी यांना आत ओढून नेलं. "अहो, कप फोडता तेव्हा जास्तीचा आणलेला असतो. जावई जास्तीचा आणलाय का तुम्ही? हा तुटला तर काय पास करणार?"

"हळूहळूच तापवतोय," हे म्हणाले. या माणसापुढे डोकं आपटलं तर डोकं कसं फुटतं तेवढंच हे बघतील.

शेवटी ते घडलं. मुलगी स्वयंपाकघरात, आम्ही तिघं बाहेर. हे पायावर पाय टाकून, अगदी सहज म्हणाले, "तुला म्हणून सांगतो. आमची मुलगी कशातच टिकत नाही. नाच अर्ध्यात सोडला, बाहेरगावचं शिक्षण अर्ध्यात सोडलं. तुलाही सोडेल. अजून वेळ गेलेली नाही, दुसरी बघ."

उचलली जीभ लावली टाळ्याला.

मुलगा उभा राहिला. गोडवा गेला कुठल्या कुठे. "काका, मला काय बोलायचं ते बोला, मी त्याचाच पगार घेतो. तिच्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. तुम्ही वडील असलात तरी नाही." असं म्हणून चपला घालून चालता झाला. दार आपटलं नाही, पण आपटल्यासारखं लागलं.

आणि आमच्या ह्यांना केवढा आनंद. टाळी वाजवून म्हणाले, "बघितलंस? तडा बरोब्बर हव्या त्या जागी अडला. पास."

मी स्वयंपाकघरात गेले. मुलगी ओट्याशी पाठ करून उभी होती. धुतलेली ताटं ती पुन्हा धुवत होती.

त्यानंतर ती घरात होती, पण बोलायची कामापुरती. मीठ द्या, दार लावा, येते. हे दोनदा तिच्याशी थट्टा करायला गेले आणि आपटून परत आले. मला वाटलं रुसली आहे, दोन दिवसांत येईल ताळ्यावर. एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना ती म्हणाली, "आई, मी त्याला नाही म्हणून कळवलं."

"का गं?"

"बाबा म्हणाले ते खरंच आहे. मी टिकतच नाही कशात. त्याला कशाला फसवू?"

रडली असती तर जवळ घेतलं असतं. ती शांतपणे चादरीची टोकं जुळवत होती आणि तेच मला बघवेना.

मी तडक बाहेर गेले. हे पेपर वाचत होते, मी तो ओढून घेतला. "तुमचा पास झालेला माल परत गेला. तिने त्याला नाही म्हटलंय, तुमच्या बोलण्यावरून."

"पण ते त्याच्यासाठी होतं," हे म्हणाले. "वजन त्याच्यावर टाकलं होतं मी."

"आणि आत कोण उभं होतं? आता मुकाट उठा आणि खरं काय ते तिला सांगा. नाहीतर मी सांगते. माझ्या तोंडून ऐकलं तर तुम्हाला तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

हे उठले. भट्टीच्या दारात वर्षानुवर्षं उभा राहिलेला माणूस, पण लेकीच्या खोलीच्या दारात घाम फुटला. बोटांनी पडद्याची कड चोळत राहिले.

"नाच तू सोडला नाहीस," ते म्हणाले. "मी सोडवला. तिथली जमीन मी बुटाने ठोकून बघितली आणि फळ्या ढिल्या आहेत म्हणून तुझं नाव काढलं. फळ्या ठीक होत्या. तूच कंटाळलीस असं मी सगळ्यांना सांगत राहिलो, तुलासुद्धा."

तिने हातातली चादर खाली ठेवली.

"आणि ते शिक्षण. तुझ्या वसतिगृहात येऊन मी खिडकीचे गज हलवले, जेवणाला नावं ठेवली, आजारी पडशील म्हणून तुला घरी आणलं. तू तिथे मजेत होतीस. मला इथे करमत नव्हतं. तू कधी काही अर्ध्यात टाकलं नाहीस. मला भीती वाटते गं. पहिल्यापासून वाटते."

मुलीचा आवाज असा फुटला की शेजारच्यांनी खिडक्या उघडल्या. नाचापासून वसतिगृहातल्या मैत्रिणींपर्यंत, बारा वर्षांचं तुंबलेलं सगळं तिने बापाच्या पदरात ओतलं. "तुम्ही मला धरसोडीची ठरवलंत, आणि मी इतकी वर्षं ते खरं मानलं." हे पडद्याची कड धरून ऐकत राहिले. मध्ये एकदाही 'पण' म्हणाले नाहीत. मला वाटतं त्यांनी जन्मात पहिल्यांदा कुणाचं पुरतं ऐकलं असेल.

शेवटी नाक पुसून तिने फोन उचलला आणि मुलाला म्हणाली, "मी चुकीचं कळवलं होतं. ये. बाबांना तुझी माफी मागायची आहे." मग फोन बाजूला धरून बापाला म्हणाली, "आणि आम्ही जी खोली घेऊ, ती बघायला तुम्ही यायचं नाही. मी बोलावल्याशिवाय नाही. कड्या, नळ, गज, कशाला हात लावायचा नाही."

"नाही लावत," हे म्हणाले.

माफी मागितली, तीही धडपणे जमली नाही. मुलगा म्हणाला, "काका, खिडकीवर शिव्या देऊन मग माफी मागणारे मी रोज ऐकतो. यापेक्षा वाईट मागतात लोक." लग्न झालं. खोली त्यांनी कधी घेतली, कुठे घेतली, यांनी विचारलं नाही. रात्री कूस बदलत राहायचे, पण विचारलं नाही.

सामान लावायच्या दिवशी मी मदतीला गेले. खिडकीतून बघते तर माझ्या मागोमाग आलेले हे समोरच्या फुटपाथवर, दोन्ही हात पँटच्या खिशात कोंबून, इमारतीकडे बघत उभे. मी खाली जाऊन म्हटलं, "अहो, चला की वर."

"तिने बोलावलं नाही अजून."

मुलगी माझ्यामागून खाली आली होती. तिने बापाचा एक हात खिशातून काढला, आपल्या हातात घेतला आणि त्यांना घेऊन जिना चढू लागली. जिना जुना, लाकडी, प्रत्येक पायरी वाजत होती. आमच्या ह्यांचा दुसरा हात कठड्याच्या अगदी शेजारून चालला होता. वरच्या मजल्यापर्यंत त्यांनी तो कठड्याला लावला नाही.