काळतोंडीच्या लेकी

चष्मा काढायचा, सदऱ्याच्या टोकानं पुसायचा, पुन्हा डोळ्यांवर चढवायचा आणि म्हणायचं, "आधी पाहू, मग बोलू." आमच्या जनावरांच्या डॉक्टरसाहेबांना मी हे इतक्या वेळा करताना पाहिलं, की त्यांचा हात चष्म्याकडे गेला की ते वाक्य मीच मनात म्हणून टाकायचो.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. बाहेर पाऊस पडतोय का विचारलं तर उठून अंगणात जाऊन हात पसरणारा. मला मुलगा झाला तेव्हा अख्ख्या सावली गावानं माझं अभिनंदन केलं. साहेबांना दवाखान्यात कोणी सांगितलं, तर हे म्हणाले, "आधी पाहू." संध्याकाळी घरी आले, दुपटं जरा बाजूला करून नीट पाहिलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हो, मुलगा आहे. अभिनंदन." माझी बायको आतून हसून हसून बेजार.

मी दवाखान्यात कंपाउंडर होतो. साहेब जबलपूरकडचे, घरचे मराठी. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, त्यामुळे तिकडची माणसं इकडे बदलून यायची आणि इथल्या उन्हाला, डासांना कंटाळून परत जायचा अर्ज करायची. साहेबांनी अर्ज केला नाही. त्यांना कामात काय गोडी होती कोणास ठाऊक. कुठेही कळप दिसला की सायकल बांधावर टेकवून खाली उकिडवे बसायचे आणि काडीनं लेंड्या फोडून पाहायचे. गावात त्यांना 'लेंडीवाले साहेब' म्हणत. त्यांना ते माहीत होतं. राग नव्हता. माझा स्वभाव म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. मी एकदा त्यांच्या तोंडावरच म्हणालो, "साहेब, बोलणाऱ्याची बोरं विकतात. तुम्ही जरा लवकर बोलत जा." तर म्हणाले, "मी बोरं विकत नाही, कंपाउंडर. माझ्या एका शब्दावर माणसं जनावर मारतात किंवा ठेवतात."

आता पोचूभाऊचं सांगतो. हा कुरमार, म्हणजे आमच्याकडचा मेंढपाळ. धान निघालं की मोकळ्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, त्याचा कळप बसायचा. मेंढ्यांच्या लेंडीमुताचं खत मिळतं म्हणून शेतकरी त्याला बोलावून न्यायचे आणि बदल्यात धान द्यायचे. कळपाच्या पुढं एक मेंढी चालायची, तोंड काळं कुळकुळीत, बाकी अंग पांढरं. तिचं नाव काळतोंडी. पोचूभाऊ तिला देवाची म्हणायचा. तिच्या पोटच्या मेंढ्या अशा देखण्या, की दुसरे मेंढपाळ मुद्दाम पाहायला थांबत.

एका हिवाळ्यात तो दवाखान्यात आला आणि पायरीवर बसला. "साहेब, काळतोंडी वाळून राह्यली. खाते तं पोटभर, पण आंगाले लागत नाई."

आम्ही गेलो. मेंढीची लोकर जागोजागी गळालेली, पाठीचा कणा हाताला लागत होता, लेंड्या ढिल्या पडलेल्या. पण चरत होती चांगली. साहेब खूप वेळ बसून राहिले. मी म्हणालो, "जंत असतील. बोडीत साचलेलं पाणी पितात." त्यांनी चष्मा पुसला. लेंड्या तपासल्या तर जंतांची अंडी निघालीच. मोरचुदाचं पाणी पाजलं. बाकीच्या मेंढ्या सुधारल्या, काळतोंडी मात्र वाळतच गेली.

मग एक दिवस त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. मेंढ्यांच्या आतड्याचा एक जुनाट रोग असतो, पुस्तकात त्याला जोन्सचा रोग म्हणतात. त्याचे जंतू म्हणजे क्षयाच्या जंतूंचेच भाऊबंद. कोकराला हा रोग आईच्या सडाला लागलेल्या लेंडीतून, दुधातून लहानपणीच लागतो, आणि मग वर्षानुवर्षं पोटात मुक्काम करून बसतो. वरून मेंढी गुटगुटीत. ती वाळायला लागते तेव्हा तिची पिलावळ कळपभर झालेली असते. औषध नाही.

"मग हाच असेल," मी म्हणालो.

"असेल. किंवा नसेल. आधी पाहू."

पण पाहायचं कसं? तिच्या गुदद्वाराच्या आतलं अस्तर बोटानं खरवडून त्यांनी काचपट्टीवर घेतलं, रंग चढवला, आमच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली डोळे दुखेपर्यंत पाहिलं. काही नाही. पुन्हा केलं. नागपूरला नमुना पाठवला, तिथंही काही सापडलं नाही. ते मला म्हणाले, "जंतू दिसले तर रोग आहे. नाही दिसले तर रोग नाही, असं मात्र म्हणता येत नाही. आतडं उघडलं तर लगेच कळेल." आतडं उघडायचं म्हणजे मेंढी मारायची. याआधी कळपातल्या दोनचार मेंढ्या अशाच रोडावल्या होत्या, पण पोचूभाऊनं त्या अंगावर मांस आहे तोवर बाजारात काढल्या. व्यापारी त्या मूल गावाच्या बाजाराकडे हाकून घेऊन गेले. पुढं कोणाच्या सुरीखाली गेल्या, काय पत्ता लागणार?

साहेबांनी पोचूभाऊला रोगाचं काही न सांगता, मेंढी उघडू का, एवढंच विचारलं. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, देवाची मेंढी हाये. जित्तीले सुरी लावू देत नाई. मेल्यावर तुमी पाहा, मी आडवा येत नाई."

साहेबांनी जबरदस्ती केली नाही. मेंढी मरायची वाट पाहायचं ठरलं. आणि मधेच पोचूभाऊच्या लेकीचं लग्न निघालं.

तिचं नाव लचमी. रंगानं सावळी, अंगानं काटक, बापाच्या मागं कळप हाकत वाढलेली. मेंढीच्या पायातला काटा ती आमच्याहून अलगद काढायची. सासर नदीपलीकडे, गडचिरोलीच्याही पुढं जंगलात. ते लोकही मेंढपाळच, आणि त्यांचा कळप पोचूभाऊच्या कळपाहून मोठा. पोचूभाऊच्या घराण्यात रीत अशी, की लेकीला आंदण म्हणून कळपातल्या सगळ्यात चांगल्या मेंढ्या द्यायच्या. हलकी मेंढी दिली तर बापाची अब्रू जाते.

लग्नाला साहेब आणि मी दोघंही गेलो. मांडवाच्या बाजूला आंदणाच्या मेंढ्या बांधल्या होत्या. कपाळाला हळद लावलेली, गळ्यात पळसाच्या फुलांच्या माळा. काय मेंढ्या होत्या हो! साहेब जेवायचं सोडून त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. पोचूभाऊ कौतुकानं जवळ आला.

"कोणाच्या पोटच्या या?" साहेबांनी विचारलं.

"काळतोंडीच्या लेकी हायेत साऱ्या. घराण्यातल्या चांगल्या चांगल्या निवडून देल्या. माही लेक चालली ना साहेब."

साहेबांनी चष्मा काढला आणि पुसतच राहिले. मी त्यांना कोपरानं ढोसलं. ते मला मांडवामागं घेऊन गेले.

"सांगा ना त्याला," मी म्हणालो.

"काय सांगू? मी काय पाहिलंय?"

"तुमच्या मनाला माहीत आहे ना?"

"मन म्हणजे काचपट्टी नाही. आत्ता बोललो की या मेंढ्या रोगट आहेत, तर वरपक्ष उठेल. वऱ्हाड परत जाईल. आणि उद्या मेंढी मेली आणि आतडं साफ निघालं तर? या मुलीच्या कपाळावर जन्माचा डाग लावून मी कुठं तोंड दाखवू?"

खरंच सांगतो, तेव्हा मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. वरात निघाली. लचमी रडत होती आणि रडता रडता मागं वळून मेंढ्यांना "हर्र, हर्र" करत होती, कारण त्या बापाच्या कळपाकडे ओढ घेत होत्या.

पाऊस लागल्यावर काळतोंडी मेली. पोचूभाऊनं शब्द पाळला. स्वतः निरोप घेऊन आला. "मेंढी गेली साहेब. पाहा आता काय पाहाचं ते."

पळसाच्या झाडाखाली साहेबांनी तिला उघडलं. आतडं शेवटाकडे जाडजूड झालेलं, भिजून आकसलेल्या घोंगडीसारख्या त्याला घड्या पडलेल्या. साहेबांनी त्याचा तुकडा कापून घेतला. दवाखान्यात येऊन काचपट्टी रंगवली, पाहिली, आणि उठून मला जागा दिली. निळ्या रंगावर लाल लाल बारीक काड्या, ढिगानं. आजवर जे शोधत होते ते सापडलं होतं, आणि माणूस खुर्चीत असा बसला होता की घरात कोणी गेलं असावं.

वैनगंगा फुगलेली. पाणी ओसरून डोंगे सुरू झाले त्या दिवशीच आम्ही पलीकडे गेलो. लचमीच्या सासऱ्यानं खाटेवर बसवलं, चहा दिला. साहेबांनी सगळं सांगितलं. या मेंढ्या वेगळ्या करा, यांची कोकरं कळपात मिसळू देऊ नका, जिथं या बसतात तिथं दुसऱ्या बसवू नका. सासरा ऐकून घेत होता. मग तो त्या मेंढ्यांकडे बोट दाखवून हसला.

"साहेब, साऱ्या कळपात याच धडधाकट हायेत. आमाले तं मेंढी दिसते. तुमाले रोग कुठी दिसून राह्यला?"

"आत आहे."

"औषध द्या मंग."

"औषध नाही."

झालं. औषध नाही म्हणणाऱ्या डॉक्टराचं कोण ऐकतो? साहेब दर काही महिन्यांनी जात राहिले, दर वेळी तेच सांगत राहिले. मी म्हणायचो, कशाला पाय झिजवता? तर पिशवी उचलून निघायचे.

तिसऱ्या वर्षी तो कळप वाळायला लागला. आधी आंदणाच्या मेंढ्या, मग त्यांच्या पोटच्या, मग त्यांच्या सोबतीनं वाढलेल्या. आणि गावात बोलणं सुरू झालं, की सुनेचा पायगुण वाईट. ती आली आणि लक्ष्मी गेली. सासू तिला कळपाजवळ फिरकू देईना. शेवटी तिला माहेरी पाठवायची की ठेवायची, यासाठी समाजाचे पंच बसणार, अशी खबर पोचूभाऊनंच आणली.

साहेबांना कोणी बोलावलं नव्हतं. ते गेले. मीही गेलो.

मोहाच्या झाडाखाली पंच बसले होते. साहेब उभे राहिले आणि चष्म्याला हातही न लावता बोलले. "हा रोग आहे. मुलीचा पायगुण नाही. मेंढ्यांनी तो आईच्या पोटापासून आणला. मी डोळ्यांनी पाहिला आहे."

एक म्हातारा पंच होता, शांत माणूस. त्यानं विचारलं, "तुमाले कवा मालूम झालं साहेब?"

"खात्री काळतोंडी मेल्यावर झाली."

"खात्रीचं नाई इचारत. मालूम कवा झालं?"

"लग्नाच्या दिवशी," ते म्हणाले. "मांडवात."

"मंग बोलले काऊन नाई?"

त्यांच्याजवळ उत्तर होतं. मांडवामागं मला दिलं होतं तेच. पण ते त्यांनी दिलं नाही. खाली मान घालून म्हणाले, "चूक झाली. दोष माझा आहे, तिचा नाही. मला जे बोलायचं ते बोला."

पंचांनी आपसात विचार केला आणि सांगितलं, सुनेवर बोल नाही, ती घरातच राहील. पोचूभाऊ हमसून रडला. मलाही हायसं वाटलं. वाटलं, चला, निदान पोरगी वाचली.

निघताना लचमी पाण्याचा लोटा घेऊन आली. साहेबांच्या हातात लोटा दिला आणि तिथंच उभी राहिली. आवाज चढवला नाही तिनं.

"मांडवात बोलाले पायजे होतं साहेब. लगन मोडलं असतं तं मोडलं असतं. मले दुसरा नवरा भेटला असता. मेंढ्या कुठून आणाच्या आता?"

"हो बाई," साहेब म्हणाले. पाणी पिऊन त्यांनी लोटा परत दिला.

परतीच्या वाटेवर ते एकच वाक्य बोलले. डोंग्याची वाट पाहत नदीच्या वाळूत बसलो होतो. "कंपाउंडर, तिच्यासाठी म्हणून मी गप्प राहिलो, आणि तिला कोणी विचारलंच नव्हतं."

त्याच सुमारास राज्यं नव्यानं आखली गेली आणि चांदा जिल्हा मुंबई राज्यात आला. कोणत्या राज्यात राहायचं ते सरकारनं नोकरांना विचारलं, तेव्हा साहेबांनी जबलपूरकडे जायचं कळवलं. नागभीडच्या स्टेशनावर मी पोचवायला गेलो. जेवणाचा डबा दिला, तब्येत सांभाळा म्हणालो. गाडी गेली.

पुढच्या उन्हाळ्यात लचमी दवाखान्यात आली. तिच्या घरचा कळप संपला होता, नवरा आलापल्लीला सागवानाच्या डेपोत लाकडं उचलायला जात होता. तिनं कुठून तरी एक बकरी मिळवून पाळली होती. ती बकरी दोरीला धरून, नदी ओलांडून, एवढी वाट तुडवत आली होती.

"वाळून राह्यली भाऊ. साहेबाले बलवा."

"साहेब गेले ना. बदली झाली," मी म्हणालो. "नवे साहेब आहेत आत. चांगले आहेत. त्यांना दाखव."

तिनं दारातून आत डोकावून पाहिलं. नवे डॉक्टर टेबलाशी बसले होते.

"मले तेच पायजे होते," ती म्हणाली.

मी पुन्हा म्हणालो, दाखवून तर पाहा. तिनं मान हलवली, बकरीच्या तोंडावरून हात फिरवला आणि दोरी धरून आल्या वाटेनं परत निघाली.