अर्ध्या तासाची काच

ओपेंजुरूला सगळा तालुका 'गू-डॉक्टर' म्हणायचा. लग्नाच्या पंगतीत त्याच्या ताटात कुणी हात घालत नसे. तो हसण्यावारी न्यायचा. एकवीस वर्षं लोकांची शी काचेवर पसरून जंतांची अंडी मोजायची, ती काय टाळ्यांसाठी? ज्या गावात अंडी जास्त, त्या गावाला सरकारी गोळ्या. एवढं साधं होतं.

एकच गोष्ट तो कानीकपाळी ओरडून सांगे. अंकुशकृमी, म्हणजे रक्त पिणारा जंत. त्याची अंडी काचेवर जेमतेम अर्धा तास टिकतात. मग विरघळतात मेली!

पाकोंगो गावच्या तपासणीत रांगेत पहिली होती त्याची लेक आफोयो. याच गावात दिलेली, पोटुशी. केळीच्या पानात पुडी बांधून आलेली.

"बाबा, माझी पहिली बघा हं. आणि नाक नका मुरडू, घरचाच माल आहे!"

"गप गं, चावट!"

तिच्या ओठांना पांढरी माती लागलेली त्याला दिसली. अंगात रक्त कमी असलं की माती खावीशी वाटते, हे त्याला ठाऊक होतं. पण पोटुशा बाया खातातच माती, म्हणून त्याने ते सोडून दिलं.

काचा तयार झाल्या आणि नेमके जिल्ह्याचे साहेब उतरले. नाच, भाषणं, मग मासे नि कसावा कंदाच्या पिठाचा गोळा.

"साहेब, काचा वाया जातील," तो कुजबुजला.

"अरे, गू कुठं पळून चाललाय? बस खाली. पाहुण्यांसमोरून उठतात का?"

तो बसला. खरंच बसला! तीन तासांनी भिंगाखाली एकही अंडं दिसेना. "परत नमुने घेऊ," म्हणेपर्यंत साहेबांची गाडी सुरू झालेली. कागदावर लिहिलं गेलं: पाकोंगो, अंकुशकृमी शून्य. खाली त्याने सही केली. नोकरी प्यारी होती, दुसरं काय!

गावाचं नाव गोळ्यांच्या यादीतून गेलं. सातव्या महिन्यात आफोयोला दवाखान्यात आणलं तेव्हा तिचे तळहात पांढरेफटक पडले होते. त्याने स्वतः काच केली, लगेच भिंगाखाली धरली. अंडीच अंडी. गोळी दिली, पण पोरीच्या अंगात रक्तच उरलं नव्हतं.

मातीला सगळं गाव आलं. जावई उयीर त्याच्याजवळ येऊन उभा राहिला.

"मी म्हणत होतो, हिला जंत असतील. तर दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तो शून्याचा कागद दाखवला, बाबा. तुमची सही बघितली आणि आम्ही गप्प बसलो."