आभाळातून आलेल्या दगडाची आंघोळ

मी बुऱ्हाणपुरात रसायनशास्त्र शिकवते आणि एका प्रश्नाने दरवर्षी वर्गाला पिडते: सजीवांच्या प्रथिनांतली अमिनो आम्लं डावीच का? घडण एकच, पण डाव्या-उजव्या चपलांसारखी दोन रूपं. एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. जिवाने डावंच का उचललं, कुणालाच नक्की ठाऊक नाही. काही म्हणतात, उल्कापाषाणांतही ही आम्लं सापडतात आणि तिथल्या खनिजांनी आधीच डाव्याला झुकतं माप दिलं असेल. या विचाराने मला आजही झोप लागत नाही.

म्हणून शाहपूरहून वडिलांचा, आप्पांचा, फोन आला की भरदुपारी मोठा आवाज होऊन केळीच्या बागेत काळा दगड पडलाय, तेव्हा मी तव्यावरची पोळी तशीच टाकून निघाले. दगडाला हात लावू नका, हे सांगायचं आनंदाच्या भरात राहूनच गेलं.

दगड बांधावर, लाकडी पाटावर बसवलेला होता. दोऱ्याला बांधलेलं चुंबक जवळ नेलं, ते चटकन ओढलं गेलं; आत लोखंड, म्हणजे उल्काच असणार. मी चिखलात नाचले. मग दिसलं, दगड ओला आहे आणि वर हळदकुंकू.

"दूध-दह्यानं आंघोळ घातली," आप्पा कौतुकाने म्हणाले. "आभाळातून आला, मंग तसाच ठेवतो का त्याले?"

माझं डोकंच सटकलं. दुधातली अमिनो आम्लं डावी. आता तपासणीत डावं निघालं, तर ते आभाळाचं की आमच्या म्हशीचं, कसं ओळखणार? मी आप्पांना नको नको ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आतपर्यंत गेलं का दूध?"

मला हे सुचलंच नव्हतं. गाभा कोरा असू शकत होता. पण पूजलेला देव फोडा, असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

आप्पांनीच अक्षता वाहून देवाला निरोप दिला. "आता दगडच हाय. फोड."

मी हातमोजे चढवले, छिन्नी जाळावर शुद्ध करून निववली आणि घाव घातला. आत काळाभोर गाभा, त्यात मोहरीएवढे गोल दाणे. पृथ्वीहून जुने. मी हसतच सुटले.

"आप्पा, बघा तरी."

मूर्तीच्या पायांना हात लावल्याशिवाय देवळातून न निघणारे आप्पा तोंडाला रुमाल बांधून, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून वाकले.

"आता सोवळ्यात हाय ना तो?" ते म्हणाले. "दुरूनच पाया पडतो."