वाडग्यातली डुकरीण

रिठद गावाजवळ आम्ही बिऱ्हाड टाकलं तेव्हा आमची डुकरं मोकळीच असायची. दिवसभर हुंदडायची, तिन्हीसांजेला मायच्या हाकेवर परत यायची. डुकरं पाळणं म्हणजे आम्हाला एवढंच ठाऊक. मग एकदा ती मळ्यात घुसली, रताळ्याचे वाफे उकरून आली. पाटलानं बापाला बोलावलं. "पुन्हा डुक्कर मळ्यात दिसलं, त तुहं बिऱ्हाड गावात दिसलं नाही पाह्यजे."

मायचा जीव त्या गावात अडकला होता. जन्मात पहिल्यांदा तिनं मातीची भिंत घातली होती, कमरेएवढी झाली होती. माझ्या मात्र पायाला भिंगरी. कधी एकदा इथून निघते, असं मला व्हायचं.

बाप मळेकऱ्यांच्या गोठ्यात राबायचा. गाईबैलांसारखीच डुकरं ठेवायची, असं त्यानं मनावर घेतलं. बोराटीच्या काट्यांचं कुंपण घालून वाडगं केलं, डुकरं कोंडली, रोज सकाळी झाडून लखलखीत. गाभण डुकरीण तोंडानं गवत ओढून कोपऱ्यात अंथरायची आणि हा बाबा ते बाहेर फेकायचा. माय सांगून थकली. ऐकेल तर शपथ. डुकरीण उघड्या भुईवर व्याली, सारखी उठबस करत राहिली, पिलं तिच्याच अंगाखाली चेंगरली. बाप म्हणाला, नशीब. मला असा संताप आला, की कितीतरी दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

पुढच्या वेताला बापानं गवत राहू दिलं. पण डुकरीण त्याकडे बघेना. वाडग्याच्या ताटीला नाक घासत नुसत्या चकरा. ना खाई, ना बसे. मोकळी असताना ती ओढ्याकाठच्या झुडपात व्यायची, आणि ओढ्याची वाट मळ्यातून. तिला बघून मलाही एका जागी बसवेना.

"सोडा तिले," माय म्हणाली.

"अन् मळ्यातून गेली त?"

"जाईनच ती."

"मंग घर?" बापानं भिंतीकडं बोट केलं. "कोनासाठी करून राह्यलो मी हे सारं?"

माय भिंतीपाशी गेली, वरून हात फिरवला, परत आली आणि वाडग्याची ताटी बाजूला केली.

डुकरीण मळा तुडवत ओढ्याला गेली. पिलं सगळी जगली. पाटलानं बिऱ्हाड उठवायला सांगितलं, पण पिलं पायावर येईपर्यंत थांबू दिलं, तेवढी माणुसकी केली.

निघायच्या दिवशी माझाच पाय उचलेना. मायनं ओढ्याकडे तोंड करून हाक दिली. दुसऱ्यांदा दिली तेव्हा डुकरीण पिलांसकट झुडपातून बाहेर आली आणि आमच्यामागं चालू लागली. मायनं भिंतीकडं वळून पाहिलं नाही.