धोंड्याच्या महिन्यात जावयांना बीड दाखवणे

बीडमध्ये बघण्यासारखं काय आहे, हा प्रश्न बीडच्या माणसाला विचारू नये. तो थोडा वेळ गप्प बसतो आणि मग विचारणाऱ्याला जेवायला घालतो.

मला हा प्रश्न आमच्या जावयांनी फोनवर विचारला, आणि मी गप्प बसलो नाही, याचा मला अजून अभिमान आहे. पुढे जे झालं त्यात अभिमान वाटण्यासारखं तेवढंच होतं.

मुलगी बँकेत आहे. बढती घेऊन ती बीडच्या शाखेत आली आणि आमच्याकडेच राहू लागली. जावई पुण्याला. त्यांचं काम संगणकावरचं, कुठेही बसून करता येतं. आता एक तर त्यांनी इकडे यायचं, नाही तर मुलीने बढती परत करून पुण्याला जायचं. दोघंही याविषयी भांडत नव्हती, फार समजुतीने बोलत होती, आणि मला त्याचीच धास्ती वाटत होती. शेवटी असं ठरलं, की जावयांनी शनिवार-रविवार यायचं, गाव बघायचं, आणि रविवारी संध्याकाळी काय ते सांगायचं. आजवर लग्नाच्या गडबडीत ते एकदाच आले होते. तेव्हा त्यांनी बघितलं ते मंगल कार्यालय. मंगल कार्यालयं सगळीकडे सारखीच असतात.

मुलीने मला दुकानात येऊन बजावलं, "बाबा, त्याला गाव दाखवा. नुसतं गाव. माणसं नकोत."

"गावात माणसं असतात," मी म्हणालो.

"मी काय म्हणतेय ते तुम्हाला कळतंय."

कळत होतं. आमचं कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की मी गल्ल्यावर बसून इतिहासाची पुस्तकं वाचतो, आणि अलीकडे बरंच वाचून होतं. मी मोठ्या हौसेने बेत आखला. शनिवारी सकाळी कंकालेश्वर, म्हणजे चौकोनी तळ्याच्या मधोमध उभं असलेलं देऊळ. तिथून खंडेश्वरीच्या दीपमाळा. दुपारी जुन्या बाजारातल्या गाड्यावरची गरम भजी, वर तळलेली मिरची. ऊन उतरलं की खजाना विहीर, जी निजामशाहीपासून मोटारीशिवाय शेतात पाणी पोचवते आहे. रविवारी मांजरसुंब्याला रबडी खायची आणि पुढे कपिलधारचा धबधबा. माणसाला इथे राहावंसं वाटायला एवढं पुरे, असं माझं मत होतं.

बेत ऐकून बायको हसली. अशी ती फार क्वचित हसते, आणि नंतर मला काही तरी महागात पडतं.

"अधिक महिना हाय, म्हाइत हाय ना तुमाला?"

मला माहीत नव्हतं. आमच्या दुकानाच्या नावाची दिनदर्शिका मी स्वतः छापून घेतो, दिवाळीत गावभर वाटतो, तिची एक प्रत गल्ल्याच्या मागे टांगलेली असते, आणि तीत ठळक अक्षरांत छापलेला अधिक ज्येष्ठ मी बघितला नव्हता. मुलीने आणि जावयांनी तारीख ठरवली ती रजा बघून. अधिक महिन्यात, तोही लग्नानंतरच्या पहिल्या अधिक महिन्यात, जावयाला नुसतं गाव बघायला बोलवणं म्हणजे पोळ्याच्या दिवशी बैलाला फिरायला नेण्यासारखं आहे. या महिन्यात जावई हा माणूस राहत नाही, नारायण होतो. त्याचे पाय धुतात, पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून त्याला खाऊ घालतात, अनारशांच्या ताटात दिवा लावून ते ताट त्याच्या हातात देतात. त्यात आमच्याकडे एका घरचा जावई हा सगळ्या भावकीचा जावई असतो. ज्यांनी लग्नात आहेराचं पाकीट देताना तोंड फिरवलं होतं, त्यांचाही.

"म्या कुनालाच सांगितलं न्हाई," बायको म्हणाली. "फकस्त भाऊजींना."

भाऊजी म्हणजे माझे थोरले भाऊ. त्यांना सांगितलं की वेगळी दवंडी लागत नाही.

शनिवारी जावई दहाच्या सुमाराला आले, गळ्यात कॅमेरा अडकवून. कॅमेरा बघून मला बरं वाटलं. तो तासाभरात कपाटात गेला, कारण पाय धुताना त्याच्यावर पाणी उडत होतं. चौरंगावर बसवलेले जावई भयंकर अवघडले होते. मी वाकलो तेव्हा ते इतके दचकले की त्यांनी तांब्या माझ्या हातातून घेऊन स्वतःच पायांवर पाणी ओतायला सुरुवात केली.

"अवो, असं न्हाई करायचं! बसा निवांत," बायको ओरडली.

मीही निवांत नव्हतो. सासऱ्याने जावयाचे पाय धुवावेत या प्रथेवर माझी बरीच मतं आहेत. ती मांडायची ती वेळ नव्हती, आणि कंबरही साथ देत नव्हती.

मग धोंडे आले. जावई नाही म्हणत नव्हते, आणि नाही म्हटल्याशिवाय आमच्याकडे वाढणं थांबत नाही. नाही म्हटलं तरी थांबत नाही, पण निदान वेग कमी होतो. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मुलगी डोळ्यांनी खुणावत होती, त्याचा अर्थ त्यांनी आणखी घ्या असा लावला. जेवून उठले तेव्हा मे महिन्याचं ऊन अंगणात उभं होतं. अशा पोटाने खंडेश्वरीची टेकडी चढायला सांगणं हा गुन्हा ठरला असता. ते झोपले.

चारला उठले ते थेट थोरल्या भावांकडे. तिथे पुन्हा पाय, पुन्हा धोंडे, पुन्हा दिवा. तिथून शेजारच्या चुलत्यांकडे, कारण दारावरून जाऊन आत न जाणं शोभत नाही. प्रत्येक घरी टॉवेल-टोपी. हे टॉवेल बहुतेक माझ्याच दुकानातले होते. देण्याघेण्याच्या मालाचा आमच्याकडे वेगळा कप्पा असतो. तो माल द्यायचा असतो आणि घ्यायचा असतो, वापरायचा नसतो. जावयांना हे ठाऊक नव्हतं. भावांकडे हात धुतल्यावर त्यांनी भाबडेपणाने नव्या टॉवेलला हात पुसले. पाणी जिथल्या तिथे राहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

सूर्य कलायला लागला तसं मी त्यांना जवळजवळ ओढतच गाडीत बसवलं आणि खजाना विहिरीच्या रस्त्याला लागलो. जावयांनी कॅमेरा परत घेतला होता. विहीर कशी बांधली असेल, पाणी आटत कसं नाही, असं ते विचारत होते आणि मी सांगत होतो. तेवढ्यात फोन वाजला. बायकोचा चुलत भाऊ. हा मेहुणा राजकारणात आहे. कुठल्या पक्षात, ते विचारण्याआधी त्या दिवशीचा पेपर बघावा लागतो.

"दाजी, आमच्या दारावरनं गेलतात आन् थांबले न्हाई? लोकं काय म्हनतील? मागं फिरा. मंडळी बसलीत."

"अंधार पडायच्या आत विहीर बघून येतो."

"विहीर कुठं पळून चालली का? चारशे वर्सं थितंच हाय. मानसं खोळंबलीत हितं."

विहीर पळून जाणार नव्हती, हे खरंच होतं. मी गाडी वळवली.

मेहुण्याच्या चौकात गाडी थांबली आणि जावई म्हणाले, "बाबा, तो मी आहे का?"

बॅनरवर तेच होते. लग्नातल्या फोटोतून मुलीला कापून काढलेलं होतं, तिची दोन बोटं मात्र त्यांच्या खांद्यावर राहिली होती. वर लिहिलं होतं, 'आमचे लाडके जावई यांचे बीड नगरीत सहर्ष स्वागत'. जावयांचं डोकं नारळाएवढं होतं. स्वागतोत्सुक मेहुण्याचं डोकं घागरीएवढं.

मंडपात खुर्च्या, ध्वनिक्षेपक, फेटे बांधणारा माणूस. जावयांना फेटा, शाल, श्रीफळ, आणि बाहेर उकाडा असा की फेट्याखालून घामाची धार लागलेली. मेहुणा बोलायला उभा राहिला आणि त्याने सांगितलं, की संगणकाच्या क्षेत्रात आपल्या बीडचं नाव साता समुद्रापार नेणारे हे आपले जावई. जावई बीडमध्ये येऊन आठ तास झाले होते.

"मी काही बोलायला हवं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"अजिबात नको. तुम्ही बोललात तर ते उत्तराला उभे राहतील."

तिथे जेवणही होतं.

रविवारी सकाळी माझा तोल सुटला. बायको आज मामांकडे, मग आत्याबाईंकडे असं बोलत होती, आणि मी चहाचा कप आदळला.

"आज कुणाकडेच जायचं नाही. ते गाव बघायला आलेत, गावाला दाखवायला नाही."

"कावून वो? माझ्या मामानं काय घोडं मारलं? तुमच्या भावाकडं बरे गेले." मग शेवटचा घाव. "तुमाला ती विहीर लई प्यारी ना? तिलाच नेऊन घाला धोंडे."

मुलगी मध्ये पडली नाही. ती आत जावयांची बॅग भरत होती. टॉवेल, टोप्या, शाली, सगळं नीट घड्या घालून एकावर एक रचत होती, आणि बॅग काही बंद होत नव्हती. मी दारात उभा राहिलो तेव्हा वर न बघता म्हणाली, "बाबा, मी बदलीचा अर्ज करते उद्या. त्याला बिचाऱ्याला विचारायला नको, त्याला नाही म्हणता येत नाही."

मी स्कूटरची किल्ली घेतली, जावयांना खुणेने बोलावलं, आणि आम्ही दोघं मागच्या बोळातून निघालो. साठीच्या घरातला मी, स्वतःच्याच घरातून चोरासारखा बाहेर पडत होतो.

कंकालेश्वराच्या तळ्यात पाणी कमी होतं, पण होतं. हिरवं, स्थिर. त्यातून देवळाकडे जाणारी दगडी वाट. जावई खांब बघत राहिले, कोरीव कामावर हात फिरवत राहिले. मी निजामाच्या आधीचं, यादवांच्या आधीचं काय काय सांगायचं ठरवलं होतं, ते काही सांगितलं नाही. कुणी तरी काही तरी न वाढता नुसतं बसू देतंय, हे बहुतेक त्यांना दोन दिवसांत पहिल्यांदाच मिळत होतं. आम्ही सावलीला टेकलो.

पलीकडे काही पोरं फोटो काढत होती. त्यातल्या एकाने मान वाकडी करून निरखून बघितलं.

"अबे, हे तर ब्यानरवरचे! ओ जावईबापू! फेटा कुठं गेला?"

"सोड की बे, देव-देव करायलेत."

"जावईबापू, या की च्याला. आमी बी तुमचे मेव्हनेच हाव की!"

मी हात जोडून त्यांना लांबूनच वाटेला लावलं. जावयांनी एक खडा उचलून पाण्यात टाकला. मग म्हणाले, "बाबा, एक विचारतो. खरं सांगा. मी इथे राहायला आलो तर हे असंच चालणार?"

आता मेहुण्यासारखं बोलायचं असतं तर सोपं होतं. प्रेम आहे हो लोकांचं, असं म्हटलं असतं की काम फत्ते. आणि नाही हो, इथे फार शांतता असते, असं म्हणणंही खोटंच झालं असतं.

"अधिक महिना संपला की कुणी विचारणार नाही," मी म्हणालो. "बॅनर शुक्रवारी उतरेल, तिथे दुसऱ्याचा वाढदिवस चढेल. मेहुणा तुम्हाला चौकात ओळखणार नाही, ओळखलं तर काम सांगेल. पाहुणा जावई नारायण असतो. गावात राहणारा जावई घरातला माणूस. त्याला सिलिंडर आणायला पाठवतात. नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नसतो, आलं की हातातलं काम सोडून उठावं लागतं."

"म्हणजे पाय कुणी धुणार नाही."

"पाण्याची परिस्थिती बघता, नाही."

ते हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा, मोठ्याने.

"खजाना विहीर राहिली," म्हणाले.

"राहिली."

"आणि ते कपिलधार?"

"तिथे आता जाण्यात अर्थ नाही. धबधबा उन्हाळ्यात कोरडा असतो, बेत आखताना ते माझ्या लक्षातच आलं नाही."

"मग पावसाळ्यात बघू."

मी चाळीस वर्षं गिऱ्हाईकांच्या तोंडून 'बघू' ऐकत आलो आहे. त्याचा अर्थ बहुतेक वेळा पायरी उतरणे असा होतो. म्हणून विचारलं, "बघू म्हणजे पुण्याहून येऊन, की इथे राहून?"

"राहून. एका धबधब्यासाठी पुन्हा एवढे धोंडे कोण खाईल?"

घरी पोचलो तर बायको पाट मांडून, कमरेवर हात ठेवून उभी. मामांना ती काय सांगून बसली होती देव जाणे, पण मामांच्या घरचा डबा इथेच आला होता. तुपाचा वास ओसरीपर्यंत.

"बसा जावईबापू, दोनच घास."

जावयांनी चपला काढल्या. मुलगी आतल्या दारात होती. मला वाटलं, संपलं, आता पुन्हा तेच.

"आई, मी आज जेवणार नाही," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात सामान घेऊन येतोय. मग जेवतोच आहे रोज."

बायकोचा चेहरा पडला. जेवणार नाही एवढंच तिने ऐकलं होतं. मुलीने पुढचं ऐकलं, आणि भिंतीला टेकून उभी राहिली. बायकोला ते पोचायला थोडा वेळ लागला. पोचल्यावर तिने जावयांकडे वर-खाली बघितलं, पाट उचलून भिंतीला लावला आणि म्हणाली,

"न्हाई जेवायचं तर नका जेवू. नळ आलाय. वर जाऊन टाकीत पाइप धरा. आन् आधी मोटार चालू करा."

जावयांना मोटार चालू करता येईना. मुलीने जाऊन दाखवली.