डोंगरावरची टाकी

ऐंशीच्या दशकात अमेरिकेतलं, नेपरव्हिलचं घर भाड्याने देऊन मी पॅसिफिकमधल्या एका बेटावर पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर म्हणून गेलो. "बर्फातून सुटका होतेय ना, मग जाऊ या," बायको म्हणाली.

बेट अमेरिकेच्या ताब्यात होतं, पण वसाहत हा शब्द कुणी उच्चारत नसे. स्वतंत्र व्हायचं, अमेरिकेबरोबर राहायचं की मधलं काहीतरी, यावर बेटाचं मतदान व्हायचं होतं आणि ते सारखं पुढे ढकललं जात होतं.

माझा साहेब म्हणजे बेटाचा प्रशासक. ओहायोचा, साठीकडे झुकलेला, सरळ माणूस. बिचारा कुठलंही काम काढायला गेला की वॉशिंग्टनहून उत्तर यायचं, 'मतदानानंतर बघू.' शाळेचं छप्पर, धक्क्याची डागडुजी, सगळंच मतदानानंतर. बेटावरचे लोकही म्हणत, तुम्ही जाणारच, मग तुमचं कशाला ऐकायचं?

त्यात एका वर्षी पावसाने दडी मारली. गावातल्या विहिरी खारट झाल्या. डोंगरावर आम्हा सरकारी लोकांचे बंगले होते. त्यांच्या टाकीत मात्र झऱ्याचं गोड पाणी येत होतं.

एका सकाळी गावपंचायतीच्या प्रमुख आमच्या कचेरीत आल्या. वयस्क, धिप्पाड बाई. माझी बायको त्यांना मावशीच म्हणायची. त्यांनी विहिरीच्या पाण्याची बाटली साहेबासमोर ठेवली.

"प्या."

साहेबाने घोट घेतला आणि मुकाट्याने गिळला.

"माझी नातवंडं हेच पितात," मावशी म्हणाल्या. "वर तुम्ही बागेला घालता ते गोड."

"मी वॉशिंग्टनला कळवलंय. उत्तर आलं की..."

"ते मतदानानंतर येईल."

साहेबाला हसू आलं, पण मावशी हसल्या नाहीत. त्या गेल्यावर त्याने बाटलीला बूच लावलं. मग मला म्हणाला, "इंग्रज निघाले तेव्हा तुमच्याकडे असंच होतं का?"

"मी पाळण्यात होतो," मी म्हणालो. "पण वडील मामलेदार कचेरीत कारकून होते. ते सांगायचे, कुणाचा हुकूम किती दिवस चालणार तेच कळेना. तरी पटकीची साथ आली तेव्हा लस टोचणं कुणी थांबवलं नाही."

"टाकी गावाला जोडायची तर पाइप आहे?"

"धक्क्याच्या कामाचा गोदामात पडून आहे. परवानगी नाही."

"ती मी नंतर मागेन."

गावातली माणसं चर खणायला आली. बागांचं पाणी बंद केलं, तशा बंगल्यांमधून तक्रारी सुरू झाल्या. "माझी मेथी वाळली यार," बायको म्हणाली, आणि खणणाऱ्यांसाठी चहा घेऊन गेली.

पाणी गावात पोचलं, तसं साहेबाने व्हॉल्व्हची चावी पंचायतीकडे दिली. कुणाला कधी सोडायचं ते त्यांनीच ठरवायचं. पहिल्याच आठवड्यात लग्नघरी दिवसभर पाणी सुरू राहिलं आणि टाकीचा तळ दिसू लागला. मी तणतणत साहेबाकडे गेलो.

"हे मला नको, त्यांना सांग," तो म्हणाला.

गेलो. मावशी भडकल्या. "पाहुण्यांना खारट पाणी पाजू?" पण मी त्यांना टाकीपाशी नेलं. त्या वाकून आत बघत राहिल्या. संध्याकाळी त्यांनी प्रत्येक वस्तीची वेळ स्वतः ठरवली, आणि लग्नघराची सगळ्यात शेवटी ठेवली.

परवानगी आली नाही. मतदानाआधीच साहेबाला परत बोलावलं. निरोपाला गाव धावपट्टीवर लोटलं होतं.

"आम्ही काय निवडावं?" मावशींनी त्याला विचारलं.

"मला इथे मत नाही."

"म्हणून तर विचारते."

त्याने जरा विचार केला. "खरं सांगू? मला माहीत नाही."

मावशींनी मान हलवली आणि त्याची बॅग स्वतः उचलून विमानाच्या पायऱ्यांपर्यंत नेली. तिथे मात्र त्याला डोळे पुसावे लागले.

मतदान झालं तेव्हा आम्ही नेपरव्हिलला परतलो होतो. बेटाने स्वतःचं सरकार निवडलं, अमेरिकेशी करार ठेवून. मी साहेबाला ओहायोला फोन केला. बातमी त्याला आधीच कळली होती. तो एवढंच म्हणाला, "तिकडे यंदा पाऊस कसा आहे, काही कळलं का?"