थंड धरलेला गाभा

राज्याचे दोन तुकडे होत होते त्या वर्षांत मी आकाशातल्या एका ढगातल्या गाभ्याचं वजन काढत बसले होते. तारे जन्मतात ते असल्या थंड ढगांत. ढगात मधूनच धूळ नि वायू दाटून येतात, त्याला गाभा म्हणायचं. गाभा पुरेसा जड असला तर स्वतःच्याच वजनानं आत कोसळतो आणि त्याचा तारा होतो. हलका असला तर विरून जातो. माझा चांगला जड निघाला होता. अख्खा प्रबंध त्या एकट्याच्या जिवावर उभा होता.

आईला कळलं ते एवढंच, पण तिनं ते असं काही उचललं की विचारू नका. पोरीचं लग्न जमेना, तर तिनं गाभ्याचेच डोहाळे मांडले. कुकटपल्लीला घरात पाय ठेवला की विचारायची, दिवस भरत आले का. लाखो वर्षं लागतात म्हटलं तर म्हणायची, मग बारशाला काय मी राहत नाही. थट्टेथट्टेत सुलतान बाजारातून कापड आणून तिनं कुंचीसुद्धा शिवली. मी चिडायचे. बरंही वाटायचं.

माझे गाइड सर समुद्राकडच्या जिल्ह्यातले, सरकारी कॉलेजात. सरकारी नोकरांच्या वाटणीत त्यांचं नाव तिकडच्या राज्यात गेलं. मी जायच्या आत प्रबंध देऊन टाक, म्हणाले, मागं तुला कोण वाली आहे इथं. खरंच होतं ते.

गाभ्याचं वजन काढतात धुळीच्या उजेडावरून. त्यासाठी धूळ किती थंड ते माहीत लागतं, आणि माहीत नसलं की आमच्यातले सगळेच एक ठरलेला, अगदी थंड आकडा धरून चालतात. आम्हीही धरला. मग परदेशातल्या दुर्बिणीतून गाभ्यातल्या अमोनियाची मोजणी आली, तिच्यावरून खरं तापमान कळतं. गाभा थंड नव्हताच. त्याच्यामागं दडलेला एक तरुण तारा त्याला शेकत होता. ऊबदार धूळ थोडी असली तरी लखलखते, मेली; तो उजेड आम्ही वजनात धरला होता. बंदमुळं बसगाड्या नव्हत्या, मी कॉलेजातच बसून पुन्हा पुन्हा गणित केलं. गणित कसलं ऐकतंय.

सर पुस्तकांचे खोके बांधत होते. मी सांगितलं.

"किती उरलं?" त्यांनी विचारलं.

"निम्म्याहून कमी, सर."

लपव म्हणाले नाहीत ते, पण दुसरी वाटही त्यांना सुचली नाही. त्याच आठवड्यात ते गेले. त्यांच्या जागी आले त्यांना ढगांशी काही देणंघेणं नव्हतं. प्रबंध राहिला तो राहिलाच.

घरी आईनं नेहमीचं विचारलं. आता काही होणार नाही, विरून जाईल, एवढंच मी बोलले आणि मला रडू आवरेना. तिनं बराच वेळ पाठीवर हात ठेवला.

"म्हणजे नुसतं दिसायलाच भारी होतं का गं ते?"

"हौ."

कुंचीची घडी करून तिनं ती ट्रंकेत तळाशी ठेवली. माझ्या लग्नाचा विषयही त्यानंतर तिनं कधी काढला नाही.